परवान्याची बंदूक आणि बिनपरवान्याची : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

नागरिकाने बंदूक बाळगावी का, बाळगायची तर कोणत्या अटींवर, आणि या अटी घालण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांभोवती जगभर शस्त्रकायद्यांची चर्चा फिरत असते. अमेरिकेत या अटींचा मोठा भाग घटक राज्ये ठरवतात, त्यामुळे एका राज्याचा कायदा कडक आणि शेजारच्या राज्याचा सैल, हेच तेथील वादाचे मूळ असते. भारतात तसे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांची नोंद आहे. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे आणि महाराष्ट्राच्या किंवा मध्य प्रदेशाच्या विधानसभेला आपला वेगळा शस्त्रकायदा करता येत नाही. सातपुड्याच्या अलीकडे बुलढाण्याच्या संग्रामपूर तालुक्यात जो शस्त्र अधिनियम लागू आहे, तोच पलीकडे मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातही लागू आहे. तरीही या दोन मुलखांतले चित्र सारखे नाही. किंबहुना महाराष्ट्रातल्याच दोन जिल्ह्यांतलेही नाही. कायदा एकच असताना त्याचे परिणाम जागोजागी वेगळे का होतात, हा या आढाव्याचा विषय आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्हा विशेष उपयोगी ठरतो, कारण पीक राखणारा शेतकरी, अभयारण्याची हद्द आणि चोरट्या पिस्तुलांची वाट या तिन्ही गोष्टी येथे एकाच जिल्ह्यात सापडतात.

कायद्याची पूर्वपीठिका

भारतातील शस्त्रनियंत्रणाचा उगम १८५७ च्या उठावात आहे. त्या वर्षी आणि पुन्हा १८६० मध्ये झालेल्या कायद्यांनी जनतेकडील शस्त्रे काढून घेण्याचा पाया घातला, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात झालेल्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने त्यावर कायमस्वरूपी इमारत उभी केली. परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास या कायद्याने भारतीयांना मनाई केली, मात्र युरोपियनांना सूट दिली. म्हणूनच राष्ट्रीय सभेच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत राहिले. बुलढाण्याचा मुलूख तेव्हा वऱ्हाडात होता. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आलेला हा प्रांत कागदोपत्री निजामाचाच राहिल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, गव्हर्नर जनरलच्या आदेशाने लागू केले जात. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. एका शतकात या जिल्ह्याच्या वरची सरकारे अनेकदा बदलली, पण शस्त्र परवाना देणारा मात्र तोच राहिला, आणि तो म्हणजे जिल्हादंडाधिकारी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाला निराळे वळण लागण्याची शक्यता होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात राष्ट्रीय सभेने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. त्याचा आधार घेऊन मध्य प्रांत व वऱ्हाडातून संविधान सभेवर आलेले हरि विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. परकीय सत्तेने नाकारलेली शस्त्रे मागणे ही एक गोष्ट होती आणि स्वतंत्र राज्यात प्रत्येकाला शस्त्राचा हक्क देणे ही दुसरी. तसा हक्क दिला तर तो गुन्हेगारांनाही पोचेल आणि राज्याला तो काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. युद्धाच्या वा संकटाच्या प्रसंगी शस्त्र हाती घेणे हे नागरिकाचे कर्तव्य मानावे, हक्क नव्हे, अशी त्यांची मांडणी होती. सभेने दुरुस्ती फेटाळली. भारतात बंदूक ही हक्काची वस्तू नसून परवानगीची वस्तू आहे, हे तत्त्व तेव्हापासून कायम आहे.

आजच्या कायद्याची रचना

१ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला शस्त्र अधिनियम, १९५९ हा आजचा मूळ कायदा आहे आणि त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. अधिनियमाच्या कलम ३ नुसार परवान्यावाचून कोणतेही अग्निशस्त्र किंवा काडतूस बाळगता येत नाही. शस्त्रांचे दोन मुख्य वर्ग आहेत. स्वयंचलित व अर्धस्वयंचलित शस्त्रांसारखी ‘प्रतिबंधित’ शस्त्रे केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, तर बारा बोअरची बंदूक, काही रायफली आणि रिव्हॉल्व्हर अशा ‘अप्रतिबंधित’ शस्त्रांचा परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. कलम १४ मध्ये परवाना नाकारण्याची कारणे दिलेली आहेत, कलम १७ मध्ये तो निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार आहे, आणि कलम १८ नुसार निर्णयाविरुद्ध अपील करता येते. बुलढाण्याच्या अर्जदाराचे अपील अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जाते.

२०१६ च्या नियमांनी प्रथमच सुरक्षिततेला परवान्याच्या अटींत स्पष्ट स्थान दिले. अर्जदाराने शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि शस्त्र घरात कुलूपबंद व सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, असे हे नियम सांगतात. परवान्यांच्या राष्ट्रीय संगणकीय नोंदीत प्रत्येक परवानाधारकाला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. ज्या छऱ्याच्या बंदुकीची ताकद २० जूलपेक्षा जास्त किंवा नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा मोठा असेल, तिलाही आता परवाना लागतो. यात्रेतल्या फुगे फोडण्याच्या बंदुकीला लागत नाही.

डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीने शिक्षा पुष्कळ वाढवल्या. एका व्यक्तीला जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे बाळगता येत, ती मर्यादा दोनवर आणली गेली. मूळ विधेयकात ती एकच होती, पण विरोधानंतर दोन ठेवण्यात आली. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षांची शिक्षा होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. अवैध शस्त्र तयार करणे व विकणे यासाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप ठरवली गेली. लग्न-वरातीत किंवा मिरवणुकीत हर्षभराने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा झाला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शस्त्रे व काडतुसे कारखान्यापासून ग्राहकापर्यंत कोणत्या हातांतून गेली याचा माग ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकारही केंद्राला मिळाला.

पीक, वन्यप्राणी आणि ठासणीची बंदूक

या कायद्यात शेतकऱ्यासाठी एक तरतूद आहे, ती शहरी चर्चेत सहसा येत नाही. कलम १३ च्या तिसऱ्या पोटकलमानुसार, स्वसंरक्षण किंवा क्रीडा यासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खरोखर पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, नकाराची कारणे नसतील तर, परवाना द्यावयाचा असतो. इतर शस्त्रांसाठी अर्जदाराला ‘योग्य कारण’ पटवून द्यावे लागते. येथे कायद्याने ते कारण आधीच मान्य केले आहे. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छरे गजाने ठासावे लागतात, घोड्याखाली टोपी बसवावी लागते आणि एक बार झाला की पुन्हा हीच सारी खटपट करावी लागते. रोह्यांचा (नीलगाईंचा) कळप पांगवायला ती पुरते, पण माणसांवर लागोपाठ गोळ्या झाडायला ती निरुपयोगी असते. म्हणूनच कायदा तिच्याकडे नरमाईने पाहतो.

बुलढाणा जिल्ह्याला या तरतुदीची गरज का पडावी, हे नकाशा पाहिला की ध्यानात येते. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, मध्ये पूर्णेचे खोरे आणि उत्तरेला जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुडा. त्यात ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही तीन अभयारण्ये असून अंबाबरवा हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ २०१९ च्या अखेरीस ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा या जंगलाचे नाव देशभर झाले. जंगलाच्या कडेने सोयाबीन, मका, तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या गावांना मात्र वाघापेक्षा रोही आणि रानडुक्कर यांचा जाच अधिक आहे. पेरणीपासून सोंगणीपर्यंत रात्रीची जागल हा तेथील शेतीचा अलिखित खर्च आहे.

येथेच दोन कायदे एकमेकांना भेटतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक परवानाधारकाने वन विभागाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. म्हणजे ज्या गावांत वन्यप्राण्यांचा उपद्रव सर्वांत जास्त, नेमक्या त्याच गावांतला अर्ज सर्वांत लांबच्या वाटेने जातो. अर्जदार आपले कागद जिल्हाधिकारी कार्यालयातील गृह शाखेत देतो; तेथून चौकशीसाठी ते पोलीस ठाण्याकडे जातात; अर्जदाराचे चारित्र्य, शेजाऱ्यांशी असलेले वाद आणि घरातली जागा पाहून पोलीस अहवाल देतात; गाव दहा किलोमीटरच्या आत असेल तर वन विभागाचे मत मागवले जाते; आणि मगच निर्णय होतो. वाघ-बिबट्यांच्या अधिवासाभोवती बंदुका वाढू नयेत हा या तरतुदीचा हेतू रास्त आहे. अडचण हेतूत नसून कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याच्या वेळात आहे.

शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ नुसार पिकाला धोकादायक झालेल्या प्राण्याबाबत वन विभागाच्या सक्षम अधिकाऱ्याचा वेगळा, कारणांसह लेखी आदेश लागतो. आपली बंदूक आपल्याच शेतात रानडुकरावर चालवणारा परवानाधारकही या आदेशाविना गुन्हेगार ठरतो. हे दोन्ही कागद हाती येईपर्यंत हंगाम निघून जातो, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. या पोकळीत मग कुंपणाच्या तारेत वीजप्रवाह सोडणे किंवा रानडुकरासाठी दारूचे गोळे पेरणे असे जीवघेणे उपाय शिरतात. ते बेकायदा तर आहेतच, पण बंदुकीपेक्षाही आंधळे आहेत, कारण तार आणि गोळा यांना गाय, मूल आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली मिळणारे सौर कुंपण हा या सर्वांपेक्षा सुरक्षित मार्ग आहे; मात्र त्याचा लाभ मुख्यतः संरक्षित क्षेत्रांलगतच्या गावांना मिळतो आणि रोह्यांचे कळप त्या यादीबाहेरच्या शिवारातही चरतात.

निवडणूक आली की या परवानाधारकांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. आचारसंहितेच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते. सर्वांना सरसकट हुकूम न काढता प्रत्येक परवानाधारकाची पार्श्वभूमी छाननी समितीने तपासावी आणि ज्याच्याकडून धोका संभवतो त्याचेच शस्त्र जमा करावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे आणि निवडणूक आयोगाच्या सूचनाही त्याच दिशेच्या आहेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले, तेव्हा शिवारात तूर उभी होती आणि हरभऱ्याची पेरणी चालू होती. पीक राखण्यासाठी दिलेली बंदूक ऐन हंगामात ठाण्याच्या खोलीत पडून राहिली, तर परवान्याचा मूळ हेतूच मोडतो; म्हणून ही छाननी खरोखर एकेका माणसाची व्हायला हवी.

सातपुड्यापलीकडून येणारे पिस्तूल

परवान्याची बंदूक अशा खाचखळग्यांतून जात असताना तिची बिनपरवाना बहीण दुसऱ्याच वाटेने जिल्ह्यात उतरते. संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला, डोंगर ओलांडला की, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो आणि त्यातील पाचोरी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. सोनाळा पोलीस ठाण्याच्या हद्दीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने केलेल्या कारवायांत या बाजूने आलेली पिस्तुले व जिवंत काडतुसे वेळोवेळी पकडली गेली आहेत. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्याला लागून असलेल्या, बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गावाची ख्याती हीच आहे. २०२५ मध्ये थेट पुणे पोलिसांचे पथक तेथे जाऊन शस्त्रे घडवण्याच्या भट्ट्या मोडून आले, यावरून या मालाची बाजारपेठ किती दूरवर पसरली आहे हे दिसते.

या व्यवसायात सिकलीगर समाजातील काही कारागीर आहेत. शीख परंपरेतील हा समाज पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रे घडवणारा आणि त्यांना धार लावणारा. १८७८ च्या कायद्याने शस्त्र घडवण्यावर निर्बंध आणले तसा या समाजाचा पिढीजात धंदा कायद्याच्या बाहेर गेला. कौशल्य राहिले आणि उपजीविका गेली. सगळा समाज गुन्हेगार ठरवणे जितके चूक, तितकेच या इतिहासाकडे डोळेझाक करून केवळ छापे घालत राहणेही अपुरे आहे, कारण मोडलेली भट्टी पुन्हा पेटवायला लोखंडाचा तुकडा, कानस आणि भाता यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

गावठी शस्त्रांतही प्रकार आहेत. एका वेळी एकच काडतूस घालायचा ‘कट्टा’ म्हणजे साध्या नळीला बसवलेली ओबडधोबड यंत्रणा. तो कधी फुटेल आणि चालवणाऱ्याचाच हात उडवील याचा नेम नसतो. याउलट सातपुड्याच्या भट्ट्यांतून येणारे पिस्तूल पुष्कळदा मॅगझिनसह असते आणि वरवर पाहता कारखान्यात बनवल्यासारखे दिसते. त्यावर अनुक्रमांक नसतो, त्यामुळे ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले हे शोधण्याचा धागा उरत नाही. पण पिस्तूल भट्टीत घडवता आले तरी भरवशाचे काडतूस तेथे घडत नाही. काडतुसासाठी कारखाना लागतो, आणि देशात तो प्रामुख्याने सरकारी आयुध निर्माणींत आहे. महाराष्ट्रात खडकी आणि, बुलढाण्याच्या शेजारीच, जळगाव जिल्ह्यातील वरणगाव ही त्याची ठिकाणे. याचा अर्थ अवैध पिस्तुलात भरले जाणारे कारखानी काडतूस कधीतरी वैध साखळीतून गळालेले असते, मग ते परवानाधारकाच्या कोट्यातून गळो, दुकानाच्या वहीतून गळो की साठ्यातून. बंदुकांच्या मागे धावण्यापेक्षा काडतुसांचा हिशोब राखणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दिलेल्या माग ठेवण्याच्या अधिकाराचे महत्त्व येथे आहे.

पकडलेले शस्त्र न्यायालयात सिद्ध करणे ही पुढची पायरी. कलम ३ च्या उल्लंघनासाठी खटला भरण्यापूर्वी कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. जप्तीचा पंचनामा, शस्त्र जागेवरच सीलबंद करणे आणि ते चालू स्थितीत आहे असे सांगणारा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल, यांतला एक जरी दुवा ढिला राहिला किंवा पंच फितूर झाले तरी आरोपी सुटतो. ‘ताबा’ म्हणजे केवळ जवळ वस्तू सापडणे नव्हे, तर ती आपल्याकडे आहे याची जाणीव आणि तिच्यावरचे नियंत्रण, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधील गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा किमान शिक्षा एक वर्षाची दोन वर्षे केल्याने गुन्हेगारावर वचक बसतो की नाही, हे शेवटी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराच्या काळजीवर अवलंबून असते.

वादाच्या दोन बाजू आणि आकडे

कडक नियंत्रणाच्या बाजूचे म्हणणे असे की, बंदूक घरात असली की क्षणिक राग, व्यसन आणि नैराश्य यांचे रूपांतर मृत्यूत होण्यास वेळ लागत नाही, आणि परवाना हा पुष्कळदा संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठी घेतला जातो. सैल नियंत्रणाची मागणी करणारे म्हणतात की, परवानाधारक हा पोलिसांनी पारखलेला माणूस असतो, गुन्हे बहुतांश बिनपरवाना शस्त्रांनी होतात, आणि पोलीस ठाणे पंधरा-वीस किलोमीटर दूर असलेल्या वस्तीवरच्या माणसाला स्वसंरक्षणाचे साधन नाकारणे अन्यायाचे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत जप्त अग्निशस्त्रांपैकी फार मोठा वाटा बिनपरवाना शस्त्रांचाच असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादात तथ्य आहे. पण तो पहिल्या बाजूचे म्हणणे खोडून काढत नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.६९ लाख परवाने होते. त्यांपैकी १२.७७ लाख उत्तर प्रदेशात, २.४७ लाख मध्य प्रदेशात आणि ८४,०५० महाराष्ट्रात होते. २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली तर दर लाख लोकांमागे उत्तर प्रदेशात सुमारे ६४०, मध्य प्रदेशात ३४० आणि महाराष्ट्रात ७५ परवाने पडतात. कायद्यात शब्दाचाही फरक नसताना शेजारी राज्यांत चौपट-पाचपट अंतर पडते, याचे कारण परवाना देण्याची प्रथा आणि शस्त्राकडे पाहण्याची सामाजिक दृष्टी यांत शोधावे लागते. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हातील संस्थेने २०१७ साठी काढलेल्या अंदाजात भारतातील नागरिकांकडे ७.११ कोटी अग्निशस्त्रे धरली असून त्यांतली फक्त ९७ लाख नोंदणीकृत मानली आहेत. एकाच परवान्यावर तेव्हा तीन शस्त्रे घेता येत असत हे लक्षात घेतले तरी हे आकडे आणि सरकारी नोंद यांचा नीट मेळ बसत नाही. हिशोब जुळत नाही ही गोष्टच या क्षेत्रातील पहिली त्रुटी आहे.

जिल्ह्याजिल्ह्यांतला फरक महाराष्ट्राने अलीकडेच अनुभवला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे पुढे आले आणि फेरतपासणीत त्यांपैकी शंभराहून अधिक रद्द करावे लागले. हे परवाने कायद्यातील पळवाटेने नव्हे, तर त्याच कलम १३ आणि १४ खाली, त्याच चौकशी अहवालांच्या आधारे दिले गेले होते. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दोन लाखांहून अधिक परवाने नियमबाह्य रीतीने दिल्याचा आरोप असून त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे आहे. तीही याच कायद्याची करणी. शस्त्र नीट सांभाळण्याच्या अटीचे मोल फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्या हत्येने दाखवून दिले. तेथे वापरलेले शस्त्र मारेकऱ्याचे नव्हते, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते आणि तो परवाना उत्तर प्रदेशातला होता. परवाना निर्दोष असला तरी शस्त्र कोणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाच्या खिशात, हे कोणी पाहिले नाही तर तो कागद कोणाचाही जीव वाचवत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका जामीन प्रकरणात बिनपरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली आणि २०२४ मध्ये प्रत्येक राज्याला या प्रश्नावर उच्चस्तरीय समिती नेमण्यास सांगितले. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे भारतीय घटनेत शस्त्राचा हक्क नाही, याची आठवणही न्यायालयाने ही दखल घेताना करून दिली होती.

इतर देशांचे अनुभव

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील हेलर व २०२२ मधील ब्रुएन या खटल्यांत तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगून सरकारांच्या अधिकारावर मर्यादा घातल्या. सैल कायद्याच्या राज्यात विकत घेतलेली बंदूक कडक कायद्याच्या शहरात गुन्ह्यासाठी वापरली जाते, ही तेथील नेहमीची तक्रार आहे. ऑस्ट्रेलियाने उलट मार्ग धरला. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर केंद्र व राज्ये यांनी एकत्र येऊन समान नियम केले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. भारतात समान कायदा पहिल्यापासून आहे. तरी माल सीमा ओलांडतोच. अमेरिकेत बंदूक दुकानातून निघते, येथे ती भट्टीतून निघते, एवढाच फरक. यावरून एक निष्कर्ष निघतो की, समान कायदा आवश्यक असला तरी पुरेसा नसतो.

निष्कर्ष

बुलढाण्याचे उदाहरण असे सांगते की, आजची व्यवस्था आपली सारी कठोरता अर्ज करणाऱ्यावर खर्च करते आणि अर्ज न करणाऱ्यासाठी तिच्याकडे फारसे काही उरत नाही. ज्ञानगंगेच्या काठचा शेतकरी एका ठासणीच्या बंदुकीसाठी महसूल, पोलीस आणि वन अशा तीन खात्यांच्या दारात उभा असतो, तर पाचोरीचे पिस्तूल एकाही दारात न थांबता शेगाव-खामगावपर्यंत पोचू शकते. याचा उपाय परवाने सैल करणे हा नव्हे. बीडने त्या वाटेचा शेवट दाखवला आहे. कायद्यात आणखी कलमे घालणे हाही नव्हे, कारण आहेत तीच कलमे पंचनाम्याच्या पायरीवर अडखळतात. करण्यासारखी कामे चार आहेत. पीक संरक्षणाच्या अर्जावर तिन्ही खात्यांनी मिळून हंगामापूर्वी, होकार किंवा नकार, पण लेखी आणि सकारण निर्णय द्यावा, आणि नकार दिला तर सौर कुंपण व नुकसानभरपाई यांचा पर्याय त्याच कागदावर नोंदवावा. दिलेला परवाना नूतनीकरणापर्यंत विसरला न जाता शस्त्र कोठे व कसे ठेवले आहे याची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. काडतुसांची खरेदी-विक्री कारखान्यापासून ग्राहकापर्यंत एकाच नोंदीत यावी. आणि बुलढाणा, जळगाव, बुऱ्हाणपूर व बडवानी या जिल्ह्यांच्या पोलिसांची कायमची संयुक्त यंत्रणा असावी, तिच्या जोडीला सिकलीगर कारागिरांच्या हाताला कायदेशीर काम देणारी योजना दोन्ही राज्यांनी मिळून आखावी. यांपैकी एकाही कामासाठी संसदेची नवी दुरुस्ती लागत नाही. त्यासाठीचे अधिकार जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, वन विभाग, दोन्ही राज्य सरकारे आणि काडतुसांच्या नोंदीपुरते केंद्र सरकार यांच्याकडे आजही आहेत.